सात घरांचं शिमोत्सुकारे

ओतावारा
१७ जानेवारी १९९९

फुमिए वन्सं,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा तुमच्या दादांनी कार्डावर पाठवल्या आहेतच, म्हणून मी सरळ मुद्द्यावर येते. आई जेवत नाहीत.

सणापासूनच सुरुवात झाली. काळे सोयाबीन मी दोन दिवस मंद आचेवर ठेवले, एकाचंही साल सुरकुतू दिलं नाही. गोड अंड्याची वळी, कोंबू या समुद्री शेवाळात गुंडाळलेला मासा, सगळं डब्यात नीट रचलं. आईंनी त्या डब्याकडे असं बघितलं की मी जणू चपला वाढल्या आहेत. तांदळाची चिकट मोची घशात अडकू नये म्हणून बोटाच्या पेराएवढी चिरून सूपात घातली. तीही नको. आता पेजेवर आल्या आहेत, आणि पेजही अर्धी माझ्या बाहीवर असते. डॉक्टर आकुत्सु म्हणाले, असंच राहिलं तर हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी एकदा नळी गेली की ती परत निघत नाही, हेही त्यांनी दारात बूट घालता घालता सांगितलं.

काल आईंनी बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. म्हणाल्या, "मला सात घरांचं शिमोत्सुकारे आण. ते खाईन."

वन्सं, तुम्ही इथल्याच, तुम्हाला मी काय सांगायचं? पण बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. सणात खाऊन उरलेलं खारवलेल्या सॅल्मनचं डोकं, डोळ्यांसकट, दातांसकट. राक्षस पळवायला घरभर फेकून उरलेले भाजके सोयाबीन. ओबडधोबड किसलेला मुळा आणि गाजर. वरून दारूचा चोथा. हाडं विरघळेपर्यंत रटरट शिजवायचं आणि मग थंडगार करून गरम भातावर घ्यायचं! रंग असा, की कुणीतरी एकदा खाऊन परत केलंय. वास तर विचारूच नका. मी मिसाकी बंदरातली मुलगी, आमच्याकडे मासा सकाळी होडीत उड्या मारतो आणि दुपारी ताटात येतो. या घरात आल्यापासून दर फेब्रुवारीत मी श्वास रोखून एक घास गिळते आणि वर्षभराची सुटका करून घेते. रांधायच्या आई. माझं काम खिडक्या उघडायचं.

सात घरचं खाल्लं की वर्षभर आजार शिवत नाही, असं इथले लोक मानतात. मानू देत बापडे. पण आता ते रांधायचं कुणी आणि सात घरं आणायची कुठून? ते खायचा दिवस, म्हणजे पंचांगातला फेब्रुवारीतला पहिला घोड्याचा दिवस, यंदा अकरा तारखेला आहे. तुमचं काय म्हणणं ते लवकर कळवा.

याएको


हिमेजी
२२ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचून वाईट वाटलं. आईचं तर वाटलंच, पण तुमच्या भाषेचंही वाटलं. इतकी वर्षं त्या घरचं अन्न खाऊन असं लिहवतं तरी कसं तुम्हाला? माझ्या आईच्या हातचं शिमोत्सुकारे! त्या बांबूच्या किसणीचा खर्रखर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. इथे कुणाला ते ठाऊकही नाही. ज्यांना ठाऊक आहे ते नाक मुरडतात, आणि मी त्यांच्याशी भांडते. फेब्रुवारी आला की माझा जीव तिकडे ओढ घेतो. तुम्ही आईजवळ उभं राहून शिकला असतात तर आज ही वेळ आली नसती.

पण वहिनी, आठवणी वेगळ्या आणि आजार वेगळा. आईचा जीव माशाच्या डोक्यावर टांगून ठेवायचा का? आमच्या ह्यांचा पुतण्या उत्सुनोमियाच्या एका हॉस्पिटलात आहे. मी त्याच्याशी बोलले. वीस फेब्रुवारीला खाट रिकामी होतेय, ती त्याने धरून ठेवली आहे. नळी म्हणजे काही फाशी नाही. दादाला विचारण्यात अर्थ नाही, तो 'हो हो' म्हणून पाचिंकोचा जुगार खेळायला जाईल. आपण दोघींनीच ठरवायचं.

तोवर ती मागते ते द्यायचा प्रयत्न जरूर करा. माझ्याकडून काही हवं असल्यास सांगा.

फुमिए


ओतावारा
२९ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं, नळीचा भाग गाळून. किसणीच्या आवाजाचं आलं तसं त्या म्हणाल्या, "फुमिएला आवडतं? फुमिएला?" आणि इतक्या हसल्या की पेज नाकातून आली. मला तीही पुसावी लागली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

मी शिकले नाही म्हणता, ते खरं आहे. तुम्हीही शिकून मग हिमेजीला गेलात असं काही माझ्या ऐकिवात नाही, पण ते असो.

घरांची चौकशी केली. पूर्वी या दिवसांत गल्लीत डबे नुसते धावत असायचे. आता मोगींची सून म्हणते, घराला वास लागतो. हागिवारांकडे मुलांनी 'ओक' म्हणून नाव ठेवलं, तेव्हापासून बंद. पाच घरं अजून करतात, देवाची कृपा. सहावं आपलं, म्हणजे मला त्या डोक्याला हात लावावा लागणार.

सातवं करणारं घर एकच आहे, भिंतीपलीकडचं, इने यागिसावांचं. तुमचं लग्न होऊन गेल्यावरची गोष्ट, म्हणून सांगते. इनेआजींनी त्या वर्षी शिमोत्सुकारेत साखर घातली होती. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, आपलं काहीतरी घालून द्यायचं, ही आपली रीत. आईंनी एक घास घेतला, थुंकला आणि झाकण लावून इनेआजींचंच शिमोत्सुकारे त्यांच्या डब्यातून परत पाठवलं. रिकामा डबा गेला असता तर विसरभोळेपणा म्हणता आला असता. हा भरलेला गेला, त्यांच्याच मालाने! तेव्हापासून दोन्ही घरांत 'सुप्रभात' नाही. इतकी चीड आली होती मला तेव्हा आईंची, आणि डबा घेऊन जायला मला पाठवलं होतं!

काल विचारून बघितलं. "इनेची साखर या घरात नको," म्हणाल्या आणि डोळे मिटले. तेव्हा सातवं घर तुमचं. तुम्हाला एवढी ओढ आहे, किसणीचा आवाजही आठवतो, तर रांधा आणि थंड पेटीच्या कुरिअरने पाठवा. घरात शिजलेलं हवं, एवढीच अट.

याएको


हिमेजी
५ फेब्रुवारी

वहिनी,

डबा आज पाठवला, उद्या-परवा पोचेल. सॅल्मनच्या डोक्यासाठी सगळा बाजार पालथा घातला. इथल्या कोळ्याने मला वेड्यात काढलं. रात्री मुळा किसता किसता लहानपण आठवलं आणि रडूच आलं. आमचे हे म्हणाले, "एवढं रडतेस तर कांदा घालायचा असतो का त्यात?" यांना काय कळतंय!

लाखेचा डबा लग्नातला आहे, तो सांभाळून ठेवा. आईला म्हणावं, तुझ्या लेकीच्या हातचं आहे. सगळं खा.

खाटेचं मी पक्कं केलं आहे.

फुमिए


ओतावारा, जलद टपाल
८ फेब्रुवारी

वन्सं,

डबा पोचला. अकरा तारखेपर्यंत ठेवणार होते, पण आईंनी 'फुमिएचं' ऐकलं आणि उठून बसल्या. गेल्या महिन्याभरात त्या आपणहून उठल्याचं मला आठवत नाही. "आत्ताच दे," म्हणाल्या. मी वाटीत काढलं.

चमचा तोंडात घातला, जिभेवर इकडून तिकडे फिरवला आणि टॉवेलात काढून ठेवला.

"हे कुठल्या घरचं?"

"फुमिए वन्संच्या."

"तिच्या घरी माशाला काटे नसतात? आणि मुळ्याचे तुकडे बघ, सगळे एका मापाचे. पलटणीसारखे. हे हाताने किसलेलं नाही. हे विकतचं आहे."

मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, नवी यंत्रं आली आहेत. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, निदान एकदा तरी ही मुळा किसेल." आणि भिंतीकडे वळल्या. कालपासून पेज नाही, आज पाणीही ओठांवरून परत. ओठ सोलले आहेत.

वन्सं, मला तुमची शिसारी आली. शिमोत्सुकारेची येते त्याहून जास्त. ते निदान जे आहे ते दिसतं तरी. तुम्ही रडलात काय, कोळ्याने वेड्यात काढलं काय! माणूस खोटं बोलतं ते समजू शकते, पण त्यावर इतका मसाला? आणि कुणाशी, तर जी बाई जेवावं की मरावं यावर अडली आहे तिच्याशी!

आता मला इनेआजींच्या दाराशी जावं लागणार. तुमचा लाखेचा डबा धुऊन ठेवला आहे. रिकामाच परत करीन.

याएको


हिमेजी, जलद टपाल
९ फेब्रुवारी

वहिनी,

हो, विकतचं होतं. टोकियोच्या एका दुकानातून मागवलं. झालं समाधान?

मला ते कधीच आवडलं नाही. लहानपणी आई चमचा तोंडाशी धरून बसायची आणि मी दात आवळून. माहेर सोडताना एकच आनंद होता, की हा वास सुटला. त्या दिवशी दुकानाच्या डब्यातून लाखेच्या डब्यात काढायला नुसतं झाकण उघडलं, तर आमचे हे थंडीत गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि मी न्हाणीघरात ओकत होते.

मग मी ते सगळं का लिहिलं, विचाराल. इतक्या लांबून मुलीने आईची काय आठवण काढायची, सांगा ना? आई काही कुशीत घेणारी नव्हती. आठवायला बसलं की मला तेवढंच आठवतं, ती किसणी आणि तो चमचा. दुसरं काही असतं तर तेच लिहिलं असतं.

आता पाणीही जात नाही म्हणता, तर पोरखेळ पुरे. वीसला मी गाडी घेऊन येतेय. इनेआजींच्या पाया पडायची काही गरज नाही.

फुमिए


ओतावारा
१२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या पत्राचं नंतर. आधी काय झालं ते ऐका, माझे हात अजून माशाचे वास मारताहेत.

नऊ तारखेला मी सॅल्मनचं डोकं पाण्यात घातलं. ते रात्रभर माझ्याकडे बघत होतं. सकाळी सुरी लावली, जबडा फोडला, आतून जे काही निघालं ते लिहीत नाही, तुमचं आधीच पोट नाजूक. दोनदा मोरीकडे धावले. मग किसणी काढली. ती बांबूच्या दातांची वस्तू म्हणजे शिक्षाच आहे, मुळा कमी आणि बोटं जास्त किसली जातात. पाच-सात वेळा ओढली असेल, तर कागदी दारापलीकडून आवाज आला, "जोर लाव! म्हातारी झालीस का?"

पाणीही न घेणारी बाई बोलली! मी जोर लावला. त्या आतून ओरडत राहिल्या. मीठ उतरलं का बघ, चोथा शेवटी घाल, ढवळू नकोस, ढवळू नकोस म्हटलं ना! शिव्या खात खात मी ते शिजवलं.

मग गार झाल्यावर आपल्या घरचा डबा भरून इनेआजींकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. कमरेत पार वाकल्या आहेत. डब्याकडे बघून म्हणाल्या, "आला का डबा? आत काय, माझंच आहे का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "आजी, मी केलंय. आईंना तुमचं हवंय." हवंय म्हणजे काय, खोटंच बोलले मी. तुम्हाला बोल लावते आणि मी तरी काय निराळी?

"मरायला टेकली का ती?"

"हो."

"बरं," म्हणाल्या. "मी स्वतः आणते. या वेळी परत करायचं असेल तर माझ्या तोंडावर करू दे."

काल सकाळी तुमच्या दादांनी गवताच्या पुडीत थोडं बांधून धान्याच्या देवाच्या, इनारीच्या देवळात ठेवलं. इनारीच्या दूताला, कोल्ह्याला ते आवडतं म्हणतात. कोल्ह्याची कीव येते. दुपारी सात वाट्या आईंपुढे मांडल्या. सात! खोलीत असा दर्प सुटला की तुमचे दादा बूट न घालता बाहेर पळाले. इनेआजी पायथ्याशी बसल्या, हात मांडीवर, फिर्याद द्यायला आल्यासारख्या.

आईंनी पहिली वाटी घेतली. "चोथा जुना आहे." दुसरी. "सोयाबीन भाजलेच नाहीत, आळशी कुठली." तिसऱ्या वाटीत अख्खा डोळा निघाला, तो त्यांनी काढून मला दाखवला. मी तोंड फिरवलं. चौथी, पाचवी, सगळ्यांचा उद्धार झाला. प्रत्येकीचा एकच चमचा, पण गिळला. मग आपली वाटी.

"याएको, हे तुझं?"

"हो, आई."

"किळसवाणं आहे," म्हणाल्या. आणि आणखी एक चमचा घेतला.

वन्सं, या बाईने आजवर माझ्या रांधण्याला कधी बरं म्हटलं नाही आणि कधी वाईटही म्हटलं नाही. ताट यायचं, ताट जायचं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि रडले. आनंदाने रडले, सांगायला लाज वाटते.

बाहेर आले तेव्हा सातवी वाटी सुरू होती.

"साखर," आई म्हणाल्या.

"साखरच," इनेआजी म्हणाल्या. "मरेपर्यंत साखर घालणार मी."

"इतकी?"

"तुझ्यासाठी दोन चमचे जास्त, त्सुना."

"शी! माणसाने खायचं आहे का हे? आणखी एक घास दे. किती घातलीय ते नीट बघू दे."

बघता बघता निम्मी वाटी संपली. मग म्हणाल्या, नुसतं खाल्लं तर कळत नाही, भात आण. मी धावत गरम भात आणला. इनेआजी म्हणाल्या, "शिव्या देतेस आणि वर गिळतेस!"

"गिळल्याशिवाय शिव्या कशाच्या देऊ?"

वाटी रिकामी झाली, वन्सं. मी आत बघितलं, तळ दिसत होता. इनेआजींनीही वाकून बघितलं आणि डबा कापडात बांधला. जाताना दारातून म्हणाल्या, "उद्या कमळकाकडी आणते." "आणू नकोस," आई ओरडल्या. आज आणली. आईंना ती कशी चिवट, कशी पिळपिळीत, सगळं सांगून झालं, आणि बशी रिकामी.

तुमची खाट सोडून द्या.

याएको


हिमेजी
१५ फेब्रुवारी

वहिनी,

आई जेवली हे वाचून बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण दोन दिवसांच्या चुरशीवर किती दिवस निघतील? उद्या इनेआजींना सर्दी झाली तर आई पुन्हा भिंतीकडे वळेल. पुतण्या म्हणतो, या वयात असं मधेच बरं वाटतं, त्यावर जाऊ नका. खाट मी सोडलेली नाही. वीसला गाडी घेऊन येतेय. मी घरी जेवणार नाही, माझं मी घेऊन येईन.

आईला विकतच्या डब्याचं काय सांगायचं ते तुम्हीच बघा. मला तिच्यासमोर तोंड दाखवायला नको झालंय.

फुमिए


ओतावारा, जलद टपाल
१७ फेब्रुवारी

फुमिए,

मी त्सुना, तुझी आई बोलतेय, याएको लिहितेय. तिने तुझी सगळी पत्रं मला वाचून दाखवली, नळीच्या भागासकट. आधी गाळत होती, मला माहीत होतं. ती गाळते तेव्हा घसा खाकरते.

(मी खाकरत नाही. याएको.)

तुला शिमोत्सुकारे आवडत नाही हे तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून मला ठाऊक आहे. गालात धरून ठेवायचीस आणि खुराड्याजवळ जाऊन थुंकायचीस. त्या महिन्यात कोंबड्या लठ्ठ व्हायच्या. तर आता ऐक. मलाही ते आवडत नाही. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूने चमचा तोंडाशी धरला, म्हणून मी तुझ्या तोंडाशी धरला. याहून घाणेरडं या भागात काही शिजत नाही.

(मी लेखणी खाली ठेवली आहे. आई म्हणताहेत, उचल.)

मग मागितलं कशाला, म्हणशील. याएकोची पेज स्वच्छ, सणाचा डबा स्वच्छ, सोयाबीनला एक सुरकुती नाही. दिवसभर पांढरं पांढरं तोंडात येतं आणि जातं, नाव ठेवावं असं एक काही नाही. मला वाटलं, आपण गेलोच आहोत, फक्त कुणी सांगितलं नाही. म्हटलं, निदान किळस येते का बघू.

तुझ्या डब्याचा मला राग आला तो विकतचा होता म्हणून नाही. त्यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. तू स्वतः जाळून, करपवून, खारट करून पाठवलं असतंस तरी मी तुझं नाव घेऊन थुंकले असते. आणि तुला दुसरं काही आठवत नाही म्हणतेस, तर माझ्याकडेही तुला द्यायला दुसरं काही नव्हतं. मला येत होतं ते मी केलं.

नळी नाकातून पोटात जाते. तोंडाला काम नाही. मग मी कुणाला काय म्हणू? ती खाट दुसऱ्या कुणाला दे.

वीसला ये. गाडी नको, आगगाडीने ये, आणि येताना डबा आणू नकोस. इथे स्वयंपाकघरात उभी राहा आणि तुला जे येतं ते कर. हिमेजीचं कर, मला ठाऊक नसलेलं कर. वाईट होईल, ते मी तुला तोंडावर सांगेन. तू मला उलट बोल. मग दोघी जेवू.

इने आली. आज काय आणलंय कोण जाणे, मला आत्ताच शिसारी येतेय. याएको, ठेव ते पत्र, आधी भात गरम कर.